इंजिनावर जाऊ नकोस

अगं, फोनवर तू सगळा वेळ इंजिनाचंच बोलत होतीस. मन त्या पत्र्याच्या होडीवर बसलंय, कळलं मला. ताजा रंग, ऐसपैस बसायला जागा, वर इंजिन. तिच्यापुढे ती जुनी फायबरची होडी बापुडी दिसणारच. तरी मी सांगते, फायबरचीच बघा.

कारण आपलं पाणी. पिंपळगाव जोग्याचं धरण तू दिवाळीला पाहतेस, तुडुंब. पण कुकडी प्रकल्पातली धरणं शेतीच्या पाण्यासाठी बांधलेली. आवर्तनं सुटत जातात तसं पाणी उतरतं, आणि पोरांना सुट्टी लागून तुम्ही गळ घेऊन इथे मढला येता तेव्हा काठ लांब गेलेला असतो. मधे नुसता गाळ. त्यातून ती लोखंडी होडी, वर इंजिन, कोण ओढणार? पाव्हण्यांची कंबर आधीच धरलेली. फायबरची तुम्ही दोघं मिळून उचलाल, आणि काठाकाठाने गळ टाकायला वल्ही पुरतात.

पण तीही डोळे झाकून घेऊ नकोस. आधी पालथी घालायला लाव. बोटाच्या पेराने तळ ठोकत जा. टणटणीत आवाज आला तर बरं. मधेच आवाज बसका झाला तर आतले थर सुटलेत किंवा लाकूड कुजलंय. मागची फळी, जिच्यावर इंजिन अडकवतात, ती नीट दाबून बघ. फायबरच्या होड्या बहुतेक तिथेच सडतात. वरच्या रंगावरच्या बारीक चिरांना घाबरू नको, पण आतले धागे दिसत असतील तिथे पाणी शिरतंय समज. मग होडी सुलटी करून विटांवर ठेव, आत बादल्यांनी पाणी ओत आणि खाली कुठे ठिबकतंय ते बघ. मालक याला नाही म्हणाला, तर तिथूनच मागे फिर.

पत्र्याचीच हवी असा हट्ट असेल, तर बाकाखाली आणि सांध्यांवर गंज शोध. विकायच्या आधी दिलेला रंग काय झाकतोय, हे विचारायला लाजू नकोस. आणि इंजिन तुझ्यासमोर, गार असताना चालू करायला सांग. आधीच तापवून ठेवलेलं कुठलंही इंजिन पटकन चालू होतं.

आणखी एक, हे खरं तर पहिलं. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग देतो, बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थांना. तिकडे डिंभे धरणात जमिनी बुडालेल्या आदिवासींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने पाण्यावरचा आपला हक्क कष्टाने मिळवला; २०१२ साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अशा पाण्यातले कटला-रोहू म्हणजे कुणाचं तरी पोट आहे गं. आपण हौसेने जाणारी माणसं. तेव्हा इथल्या ठेकेदार संस्थेला आणि पाटबंधारे खात्याला विचारल्याशिवाय बयाणा देऊ नकोस.

इंजिनाचे पैसे वाचतील त्यातून पोरांच्या मापाची जीवरक्षक जॅकेटं घे, मोठ्यांची ढगळ होतात आणि पाण्यात अंगातून निसटतात. पावसाळ्यात होडी पडवीत पालथी ठेवायची. माळशेजकडून वारा सुटला की ह्या पाण्यावर जायचं नाही. येत्या रविवारी या, मीही येते बघायला.