दिवसां येणारी झोंप कशी मोजतात?

दुपारचा पहिला तास. शिक्षक फळ्यावर गणित सोडवीत आहेत आणि मागील बांकावरील एका विद्यार्थ्याची मान हळूहळू खालीं येत आहे. सोबती हंसतात, शिक्षक रागें भरतात, आणि घरीं वडील "आळशी" म्हणून बोल लावतात. परंतु आळस व झोंप या दोन भिन्न गोष्टी आहेत. आळशी मनुष्याला काम नको असतें. झोंपेनें व्यापलेल्याला तें हवें असूनहि करवत नाहीं. हा भेद अनुमानानें न ठरवितां मापानें ठरवावा, असा प्रयत्न शास्त्रज्ञांनीं केला आहे. त्यांचीं तीन मापें पाहूं.

पहिलें माप प्रश्नावलीचें. मेलबर्न येथील एपवर्थ रुग्णालयांतील डॉक्टर मरे जॉन्स यांनीं तें १९९१ सालीं प्रसिद्ध केलें. तींत नित्याचे आठ प्रसंग असतात : बसून वाचणें, सार्वजनिक ठिकाणीं स्वस्थ बसणें, दुपारीं आडवें होणें, कोणाशीं बसून बोलणें इत्यादि. प्रत्येक प्रसंगीं डुलकी लागण्याचा संभव किती, हें ० पासून ३ पर्यंतच्या आंकड्यानें सांगावयाचें. बेरीज अधिकांत अधिक २४ होते. ती १० च्या वर गेल्यास झोंप प्रमाणाबाहेर समजतात. "थकवा वाटतो काय ?" असें येथें विचारीत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें; कारण दमलेला मनुष्य पेंगेलच असें नाहीं. तसेंच दुपारीं आडवें झाल्यावर कोणाचाहि डोळा लागेल. पण बोलतां बोलतां जो पेंगतो, त्याची गोष्ट निराळी.

हें माप भरंवशाचें आहे काय ? जॉन्स यांनीं वैद्यकीच्या ८७ निरोगी विद्यार्थ्यांकडून तीच प्रश्नावली पांच महिन्यांच्या अंतरानें दोनदां भरून घेतली. दोन्ही वेळच्या बेरजांचा परस्परसंबंध ०.८२ भरला. पूर्ण जुळणी असती, तर तो १ भरला असता. म्हणजे माप बरेंच स्थिर ठरलें.

दुसरें माप प्रयोगशाळेंतील. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत मेरी कार्स्कॅडन व विल्यम डिमेंट यांनीं तें १९७० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें. डोक्यास तारा लावून विद्यार्थ्यास अंधाऱ्या खोलींत निजवितात व मेंदूंतील सूक्ष्म विद्युल्लहरींवरून झोंप कोणत्या मिनिटास लागली तें पाहतात. वीस मिनिटांत झोंप न लागल्यास प्रयोग थांबवितात. दर दोन तासांनीं असें चार-पांच वेळां करून सरासरी काढतात. ती दहा मिनिटांहून अधिक असल्यास चिंता नसते; आठ किंवा त्याहून कमी असल्यास वैद्य अधिक तपास करितात.

तिसरें माप सावधपणाचें. दहा मिनिटें समोर पाहत बसावयाचें आणि खूण दिसतांच कळ दाबावयाची. झोंपेची उणीव असल्यास हात उशिरां चालतो किंवा खूण अजिबात निसटते. या मापानें एक विलक्षण गोष्ट उघड झाली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांतील संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं निरोगी माणसांस चौदा दिवस रोज सहा किंवा चारच तास झोंपूं दिलें होतें. त्यांचा सावधपणा दिवसेंदिवस घटत गेला. परंतु आपली झोंप कितीशी वाढली असें विचारतां, फारशी नाहीं, असेंच त्यांस वाटत होतें. झोंपेनें प्रथम न्यायाधीशालाच गुंगविलें !

विद्यार्थिमित्रहो, "मला पांच तास पुरतात" असें जो अभिमानानें म्हणतो, त्याची साक्ष म्हणूनच अपुरी आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागून जें मिळतें, त्याहून अधिक सकाळीं हातून निसटतें, आणि निसटल्याची जाणीवहि होत नाहीं. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास, व त्यापुढील तरुणांस सात ते नऊ तास झोंप हवी, असें तज्ज्ञ सांगतात.

पालकांस एवढीच विनंती : मुलास आळशी ठरविण्यापूर्वीं दोन आठवडे त्याच्या निजण्याउठण्याच्या वेळा वहींत लिहून ठेवाव्या. तास अपुरे आढळल्यास दिवा व मोबाईल दोन्ही लवकर बंद करावे. तास पुरेसे असूनहि तो पेंगत असल्यास रागावूं नये, वैद्यास दाखवावें. शब्दानें दोष देणें सोपें आहे. मापून पाहणें न्यायाचें आहे.