तात्यांची मूठ

बायोनिक हात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हॉलिवूडचा सिनेमा येतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावचा गोठा येतो. तिथे कडबा कुट्टीच्या यंत्रात आमच्या तात्यांचा उजवा हात कोपराखाली गेला. पेंढी आत सरकवत होते, रोलरने हात ओढला... एवढंच. नंतर मिळालेला कातडीच्या रंगाचा हात घरात खुंटीला असतो. लग्नकार्याला जाताना तेवढा घालतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मिनी-प्रोजेक्टचा सेन्सर घरी नेला. तात्यांच्या उरलेल्या हाताला तीन इलेक्ट्रोड चिकटवले आणि म्हटलं, "तात्या, उजवी मूठ मिटा."

"कुठली गं?" तात्या हसले. तरी डोळे मिटून त्यांनी जोर लावला, आणि लॅपटॉपवरची सरळ रेघ थरथरून उठली! हात जाऊन अकरा वर्षं झाली, पण मूठ मिटायचा हुकूम मेंदूकडून अजून येतोच आहे.

यात चमत्कार काही नाही. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराच्या खाली असतात. स्वतःची मूठ उघड-मीट करून दुसऱ्या हाताने चाचपून पाहा. हे स्नायू आकसताना कातडीवर जास्तीत जास्त काही मिलिव्होल्ट मिळतात. ते वाढवायचे, गाळायचे, आणि ठरावीक पातळी ओलांडली की मोटर फिरवायची. मायोइलेक्ट्रिक हाताचं मूळ तत्त्व एवढंच. गाळणं मात्र डोकेदुखी आहे, कारण स्नायूंचा सिग्नल साधारण २० ते ५०० हर्ट्झमध्ये असतो आणि आपली घरातली वीज बरोब्बर मध्ये, ५० हर्ट्झवर बसलेली! लॅपटॉपचा चार्जर काढला तेव्हा कुठे रेघ शांत झाली.

मी खूश होते. वाटलं, आता फक्त मोटर आणि बोटं जोडली की झालं. तेव्हा तात्यांनी विचारलं, "पण मला कळणार कसं, धरलंय का सुटलंय ते?"

कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरसाठी आपण ओपन लूप आणि क्लोज्ड लूप पाठ करतो, दहा मार्कांना लिहितो आणि विसरतो. तात्यांनी एका वाक्यात तोच प्रश्न विचारला होता. बाजारातले बहुतेक बायोनिक हात अजूनही या बाबतीत ओपन लूप आहेत. हुकूम जातो, पण निरोप परत येत नाही. काचेचा ग्लास धरला तर तो निसटतोय की फुटतोय, हे डोळ्यांनी बघत बसावं लागतं. नजर हटली की संपलं.

गंमत म्हणजे जुना आकडा इथे उजवा ठरतो. लाकडाच्या गिरणीत हात गमावलेल्या डोरन्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१२ मध्ये दोन फाट्यांच्या आकड्याचं पेटंट घेतलं. खांद्याला पट्टा, पट्ट्याला केबल, केबलला आकडा. खांदा हलवला की आकडा उघडतो, ढिला सोडला की रबराच्या ताणाने मिटतो. सायकलचा ब्रेक दाबताना बोटांना ताण कळतो ना, तसा इथे तो खांद्याला कळतो. बॅटरी नाही, मोटर नाही, तरी निरोप थोडाफार परत येतो. दिसायला वाईट, हे मान्य.

निरोप थेट नसेत पोचवायचे प्रयत्नही झालेत. २०१४ मध्ये रोममधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. डेन्मार्कच्या एका माणसाच्या दंडातल्या नसांत बारीक इलेक्ट्रोड बसवले होते. डोळे बांधलेले असतानाही कृत्रिम हातातली वस्तू मऊ की कडक, हे त्याला ओळखता आलं. माझ्या मते माणूस आणि यंत्र खरे जोडले गेले ते इथे. नुसता हुकूम मानणारं यंत्र तर आपला ट्रॅक्टरही आहे.

दुसरी वाट हातच बसवण्याची. घाटकोपर स्थानकावर २०१४ मध्ये दोन्ही हात गमावलेल्या एका मुलीने आधी कृत्रिम हात वापरले, आणि २०२० मध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये दोन्ही हातांचं प्रत्यारोपण करून घेतलं. अशा हातात नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. म्हणजे २५ सेंटिमीटरवरच्या बोटापर्यंत स्पर्श पोचायला अडीचशे दिवस! शिवाय शरीराने परका हात नाकारू नये म्हणून जन्मभर औषधं.

हे सगळं मी तात्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तसलं काय नको पोरी. मे महिन्यात घाम किती येतो, तुझ्या त्या चिकटपट्ट्या राहतील का अंगावर? धारेची बादली उचलता आली आन् भरली किती ते कळलं, तर बास."

घामाचं त्यांचं म्हणणं खरंच आहे. कातडी ओली झाली की सिग्नल बदलतो आणि इलेक्ट्रोड सरकतात. त्यामुळे इलेक्ट्रोड सध्या डब्यात गेले आहेत. वर्कशॉपमध्ये सायकलच्या ब्रेकची केबल आणि जुन्या दप्तराचा पट्टा घेऊन आकड्याचं काम चालू आहे. पहिला आकडा पाच लिटरच्या बादलीला वाकला. दुसरा जाड पट्टीचा केलाय, तो येत्या सुट्टीत गावी नेणार आहे.