एका तलावाचे चार प्रश्न : नैसर्गिक संसाधनांचे विद्यापीठीय शिक्षण

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : डॉक्टर व्हावे की अभियंता? या दोन वाटांपलीकडे ज्या मोलाच्या विद्याशाखा आहेत, त्यांत नैसर्गिक संसाधने व त्यांचे संवर्धन या शाखेचे नाव क्वचितच निघते. ‘झाडे लावण्यासाठी पदवी कशाला हवी?’ असे पालक विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून उत्तरही नेमके दिले पाहिजे. त्यासाठी पूर्व विदर्भातील एखाद्या जुन्या तलावाच्या पाळीवर उभे राहून विचार करू.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव हजारोंच्या संख्येने आहेत. त्यांतील अनेक तलाव गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातील जाणकारांनी बांधले. जमिनीचा उतार ओळखून मातीची पाळ घालायची, पावसाचे पाणी अडवून त्यावर धान पिकवायचे आणि वरच्या तलावाचा सांडवा वाहू लागला की ते पाणी खालच्या तलावात उतरेल अशी साखळी उभारायची, ही त्यांची विद्या होती. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व तलाव शासनाकडे गेले. कुळांच्या दृष्टीने ते न्याय्य पाऊल होते. परंतु दरवर्षी पाळ कोणी दुरुस्त करावी व गाळ कोणी काढावा, हा प्रश्न मागे उरला. अशा तलावाकडे विद्यापीठातील विद्यार्थी चार प्रश्न घेऊन पाहतो.

पहिला प्रश्न : पाणी किती? एक हेक्टर जमिनीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर 100 घनमीटर म्हणजे 1 लाख लिटर पाणी पडते. त्यातले किती मुरते, किती वाफ होऊन जाते, किती वाहत तलावात येते आणि सोबत किती गाळ आणते, याचा हिशेब जलविज्ञान व मृदाशास्त्र शिकवते. गाळ काढणे उपयुक्तच. परंतु तळ बेसुमार खोदला तर पाणी धरून ठेवणारा चिकणमातीचा थर फुटू शकतो आणि काठचा उथळ भाग नाहीसा होतो. कोठे थांबावे हे ठरवायला मोजमाप लागते.

दुसरा प्रश्न : या पाण्यात काय जगते? उथळ काठावरील पाणवनस्पतींत मासे अंडी घालतात व पक्षी अन्न शोधतात. तेथे बेशरमाचे रान माजले की मूळच्या वनस्पती हटतात आणि त्यांच्यामागोमाग स्थानिक मासेही घटतात. भंडारा-गोंदिया भागातील काही तलावांत ढिवर समाजातील मासेमारांनी, विशेषतः स्त्रियांनी, अभ्यासकांच्या साथीने बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. माशाचे घर कोणते, हे मासेमाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. परिसंस्थाशास्त्राने त्या ज्ञानाला नोंदीची व पुराव्याची जोड दिली.

तिसरा प्रश्न : हक्क कोणाचा? येथे कायद्याचा अभ्यास सुरू होतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने वननिवासी समूहांना गौण वनोपजाबरोबरच जलसाठ्यांतील मासे व इतर उत्पादनांवरील हक्कही मान्य केले आणि सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावर असा सामूहिक हक्क मिळाला. तरीही आपला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास 2011 साल उजाडले. हक्क कागदावर येणे आणि हाती येणे यांतील अंतर किती असते, याचा हा धडा आहे.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड : निर्णय कोण घेतो? 1968 मध्ये गॅरेट हार्डिन यांनी असे मांडले की, सामाईक साधनसंपत्ती प्रत्येकाच्या स्वार्थापायी अखेर नष्ट होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील उदाहरणे तपासून 1990 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, लोक स्वतः नियम करून ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळूही शकतात. 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. परंतु ‘लोक’ म्हणजे नेमके कोण? शेतकऱ्याला धानासाठी पाणी सोडायला हवे असते. मासेमाराला ते तलावात राहायला हवे असते. भूमिहीन बाईला काठावरची भाजी व गवत हवे असते. बैठकीत कोणाचा शब्द चालतो, यावर तलावाचे भवितव्य ठरते.

हा प्रश्न आपल्या समाजाला परका नाही. 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला, तो सार्वजनिक पाण्यावरील समान हक्कासाठीच. त्याचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी त्याच काळात झाली. पाण्याचा हक्क मागणाऱ्याने पाण्याचे नियोजनही शिकले पाहिजे, हे त्यांच्या कार्यातून उमगते.

आता वाट कोणती? बारावी विज्ञाननंतर दापोली व अकोला येथील कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची चार वर्षांची पदवी घेता येते. प्रवेश सामाईक परीक्षेद्वारे होतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी देहरादूनची वन संशोधन संस्था व भारतीय वन्यजीव संस्था आणि भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था प्रसिद्ध आहेत. कला वा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनीही निराश होऊ नये. पर्यावरण कायदा, अर्थशास्त्र व समाजकार्य यांतूनही या क्षेत्रात येता येते. पुढे लोकसेवा आयोगांच्या परीक्षांतून वनसेवेत जाता येते. संशोधन, अध्यापन व ग्रामसभांसोबतचे काम हेही मार्ग आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा आधार आहे. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरिता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य शासनाची शिष्यवृत्ती आहे. अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून प्रवेशवर्षीची माहिती पाहूनच अर्ज करावा.

ही वाट अभियांत्रिकीइतकी सरळ नाही, हे पालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. उन्हातान्हात फिरावे लागते आणि नोकरीसाठी धीर धरावा लागतो. तरीही ज्यांच्या घरची चूल सरपणावर, मजुरीवर व गावच्या पाण्यावर चालली, त्यांची मुले या विद्येत मागे राहिली, तर जल, जंगल व जमिनीचे नकाशे इतरच काढतील आणि त्या नकाशात आपली वस्ती कोठे असावी, हेही तेच ठरवतील. माजी विद्यार्थ्यांनी सुटीत शाळेत येऊन मुलांना जवळच्या तलावावर न्यावे, काठी उभी करून पाण्याची खोली मोजायला लावावी आणि तिची नोंद वहीत करून घ्यावी. विद्यापीठाची पहिली पायरी ही वहीच आहे.