पेट्रोलच्या टाकीतला गंज

लोखंड, पाणी आणि हवा ही तिघे एकत्र आली की गंज चढतो. यांतले एक जरी दूर ठेवले, तरी गंज चढत नाही. विळा कोरडा पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवला, तर पावसाळाभर चांगला राहतो. ओला टाकला तर दोन दिवसांत तांबडा होतो. हे तुम्हांला ठाऊक आहे. विळ्याचा गंज डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण तो घासतो. मोटारसायकलच्या टाकीतला गंज आत असतो. तो दिसत नाही. गाडी रस्त्यात बंद पडते, तेव्हा त्याची आठवण होते.

आपल्या खेड्यापाड्यांत जुन्या मोटारसायकली अजून पुष्कळ आहेत. बुलेट ही १९५५ च्या सुमारास मद्रासेस तयार होऊ लागली. मैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून जावा निघू लागली. पुढे १९७३ साली तिचे नाव येझदी झाले. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत तर दूधवाल्यांची गाडी म्हणूनच ओळखली गेली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून ती कच्च्या रस्त्याने निमूट चालत असे. या गाड्यांच्या टाक्या लोखंडी पत्र्याच्या. त्यामुळे गंजाचे दुखणे सगळ्यांना सारखेच.

नागपुरास सदर भागात एका मिस्त्रीच्या दुकानी काटोलकडचा एक शेतकरी आला. वडिलांची राजदूत त्याने छोट्या गाडीत घालून आणली होती. वडील वारल्यावर ती चार वर्षे गोठ्यात उभी होती.

"काहून बंद पडते जी? दोन कोस जाते अन् थांबते. थोडा वेळ उभी ठेवली का पुन्हा चालू होते," तो म्हणाला.

मिस्त्रीने इंजिनाला हात लावला नाही. टाकीखालच्या कॉकमधून थोडे पेट्रोल त्याने काचेच्या बाटलीत काढले आणि बाटली ओट्यावर ठेवली. थोड्या वेळाने पाहा तर काय! खाली पाण्याचे मोठे थेंब, त्यांवर विटकरीसारखी बारीक तांबडी पूड, आणि वर पेट्रोल.

"दादा, इंजिन चांगलं हाये. टाकीनं दगा देल्ला," मिस्त्री म्हणाला.

टाकीत पाणी येते कोठून? थंड पाण्याने भरलेला तांब्या बाहेरून ओला होतो, तो तुम्ही पाहिला असेल. ते पाणी हवेतलेच असते. टाकी अर्धी रिकामी असली की रिकाम्या भागात हवा असते. दिवसा टाकी तापते, रात्री थंड होते. मग त्या हवेतली वाफ पत्र्याला आतून दवासारखी धरते. हे थेंब घरंगळून तळाशी जातात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते खालीच बसते. कॉकच्या रिझर्व्हची नळी तळालगत असते. म्हणून पुष्कळदा रिझर्व्ह लावताच गाडी फडफडू लागते. आपण म्हणतो, पेट्रोल संपले. पण तिला पेट्रोलऐवजी पाणी आणि गंज मिळत असतो.

आताच्या काळात याला आणखी एक कारण आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. ते ऊस, मका, तांदूळ यांपासून काढलेला मद्यार्क होय. २०२२ साली त्याचे प्रमाण शंभरात १० भागांवर गेले आणि २०२५ साली २० भागांवर. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाशी बसतात. रोज फिरणाऱ्या गाडीला याचा त्रास थोडा. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला फार.

आता टाकी कशी साफ करावी ते पाहू. पण आधी एक गोष्ट नीट वाचा. घाई करू नका, दोनदा वाचा. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची असते. जळते ती पेट्रोलची वाफ. हवेच्या शंभर भागांत या वाफेचे साधारण दीड ते साडेसात भाग असले की एक ठिणगी पुरते, आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरपटत दूरच्या चुलीपर्यंत जाते. म्हणून हे काम उघड्यावर, दिवसाउजेडी करावे. बिडी, कंदील, चूल, विजेची बटणे यांपासून लांब राहावे. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

प्रथम टाकी गाडीवरून उतरवावी. पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढून झाकण लावावे. कॉक आणि वरचे झाकण सोडवून बाजूस ठेवावे. मग टाकी साबणाच्या पाण्याने दोनतीनदा खळबळून धुवावी. राजदूत आणि येझदीच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. त्या तेलाचा थर गंजावर बसलेला असतो. तो गेल्याशिवाय पुढचे औषध गंजाला लागतच नाही. पुष्कळ लोक इथेच आळस करतात आणि मग औषधाला नावे ठेवतात.

गंजाचे सुटे पोपडे काढायला टाकीत नटबोल्ट आणि थोडे पाणी घालून ती हलवतात. बोल्ट टाकताना मोजा आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. वीस टाकले तर वीसच बाहेर आले पाहिजेत. एक आत राहिला तर जन्मभर खुळखुळेल. बोल्टांऐवजी बारीक साखळी तारेला बांधून सोडली तर मोजण्याची कटकट नाही.

एवढे केल्यावर उरतो तो पत्र्याला घट्ट चिकटलेला गंज. तो आंबटाने सुटतो. तांब्याची घागर आपल्या आयाबहिणी चिंचेने उजळतात, त्यांतलाच हा प्रकार. किराणा दुकानात लिंबूसत मिळते, पांढरे, साखरेसारखे. एक लिटर कोमट पाण्यात ते ७० ते १०० ग्रॅम घालावे. दहा लिटरची टाकी असेल तर पाऊण ते एक किलो लागेल. कॉकचे भोक रबरी बुचाने पक्के बंद करावे आणि टाकी गळ्यापर्यंत भरावी. वरचे तोंड मात्र घट्ट बंद करू नये, कारण आत वायू तयार होतो. तोही पेट घेणारा असतो. त्याला वाट पाहिजे. हातांत रबरी मोजे घालावेत, डोळे जपावेत. बाहेरच्या रंगावर आधी व्हॅसलिन चोळावे, नाहीतर ओघळांचे डाग पडतील.

बारा तासांनी आत बॅटरी मारून पाहावे. टाकी धुतलेली आहे, म्हणून बॅटरी चालेल. काडी ओढून कधीही पाहू नये. पत्रा राखाडी दिसू लागला की पुरे. गंज उरला असेल तर आणखी बारा तास ठेवावे, पण आठवडाभर विसरू नये. गंज संपल्यावर आंबट पत्र्याला खाऊ लागते. संडास धुण्याचा तेजाब काही लोक वापरतात. तो गंजाबरोबर चांगले लोखंडही झपाट्याने खातो आणि नंतर गंज दुप्पट वेगाने येतो. माझे मत विचाराल तर तो टाकीत घालूच नये.

मग ते पाणी काढून टाकावे. विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. आधी त्यात खाण्याचा सोडा घालावा. फेस येणे थांबले की आंबटपणा मेला असे समजावे. टाकीही याच सोड्याच्या पाण्याने धुवावी, नंतर साध्या पाण्याने.

खरी कसोटी आता आहे. उघडा झालेला ओला पत्रा पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो. तेव्हा धुणे संपताच टाकी वाळवली पाहिजे. गरम हवेचे यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर नागपूरचे मे महिन्यातले ऊन आहेच. पारा ४५ अंशांवर जातो, टाकी तासाभरात खडखडीत होते. हे काम पावसाळ्यात न काढता उन्हाळ्यात काढावे, ते यासाठीच. टाकी वाळली की आत चहाचा कपभर इंजिनाचे तेल घालून सगळीकडे फिरवावे आणि उरलेले काढून घ्यावे.

कधी कधी साफ केल्यावर टाकी गळू लागते. शेतकऱ्याची टाकी तशीच गळाली. आधी भोके नव्हती असे नाही. गंजाच्या पोपड्यांनीच ती बुजवली होती. शेतकरी म्हणाला, "गावात वेल्डिंगवाला हाये, पन्नास रुपयांत करून देते." मिस्त्रीने टाकी हातातून सोडली नाही. पेट्रोलच्या टाकीला झाळ लावताना माणसे मेली आहेत. टाकी धुतली तरी पत्र्याच्या सांध्यांत पेट्रोल दडून राहते आणि तापले की वाफ होऊन बाहेर येते. हे काम जाणणारा कारागीर टाकी वाफेने चांगली शेकतो, नंतर डागाची जागा तेवढी उघडी ठेवून बाकी टाकी पाण्याने भरतो, म्हणजे वाफेला आत जागाच राहत नाही. असा माणूस मिळेना, तर दुसरी टाकी शोधावी. शेतकऱ्याने दोन दिवस थांबून हे काम सदरमध्येच करून घेतले.

टाकी बसवताना कॉकची जाळी धुवावी, झाकणाचे रबर नवे घालावे, नळीत लहान फिल्टर लावावा. झाकणातले बारीक भोकही तपासावे. ते बुजले की गंज नसतानाही पेट्रोल उतरत नाही. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी. जिथे हवा नाही, तिथे दव धरणार नाही.

काढलेले जुने पेट्रोल आणि उरलेले लिंबूसताचे पाणी पाण्याच्या बाटलीत भरू नका. घरातले मूल तहानेने तोंडाला लावील. डबा वेगळा ठेवा, उंच फळीवर ठेवा, आणि त्यावर चिठ्ठी चिकटवा. चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहा: विष. पिऊ नये.