पटावर बोट, चाल तोंडानं

चंद्रपूर-गडचिरोलीच्या दृष्टिहीन मुलांना बुद्धिबळ शिकवताना जे पदरात पडलं, ते आठवलं तसं लिहितो.

१. आधी पट. या पटावर काळी घरं पांढऱ्यांपेक्षा किंचित उंच असतात. प्रत्येक घराला भोक, प्रत्येक सोंगटीखाली खुंटी आणि काळ्या सोंगट्यांवर बोटाला लागेल अशी खूण. हात फिरवला की मोहरा कोणता, कुणाचा, कुठल्या घरात, सगळं कळतं. तयार पट मिळतात, पण आमच्याकडे सागवानाला काय तोटा? बल्लारशाच्या सागवानाचे उरलेले तुकडे घेऊन सुताराकडून पट करून घेतले. स्वस्तात पडतं म्हणून आंब्याचं लाकूड घेऊ नका. श्रावणात ते फुगतं, भोकं आवळतात, आणि घोडा उपटायला जावं तर शेजारचा उंट नि दोन प्यादी सोबत उसळतात. त्यात नियम असा, की सोंगटी भोकातून बाहेर आली की तिला हात लागला असं धरतात. मग वाद थेट पंचापुढे. भोक खुंटीपेक्षा केसभर मोठं ठेवा.

२. पट दोन लागतात. समोरचा डोळस असेल तर त्यानं आपल्या साध्या पटावर खेळावं, मुलाच्या पटाला हात लावू नये. आपली चाल मोठ्यानं सांगायची, समोरच्यानं ती उच्चारून आपल्या पटावर करायची. ‘फिडे’ या जागतिक संघटनेच्या नियमावलीत यासाठी वेगळी मार्गदर्शक कलमं आहेत. मदतनीसही घेता येतो. तो चाल सांगेल, डावाची नोंद ठेवेल, किती वेळ उरला ते सांगेल. मात्र आईबापांना मदतनीस म्हणून बसवू नका. वजीर मार खायला निघाला की त्यांच्या तोंडून सुस्कारा निघतो, आणि आमची पोरं सुस्कारासुद्धा अचूक वाचतात.

३. बी, सी, डी, ई, जी ही इंग्रजी अक्षरं पंख्याच्या आवाजात सारखीच ऐकू येतात. म्हणून जगभर पटाच्या उभ्या ओळींना अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड, ईव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर अशी नावं आहेत. पहिल्याच दिवशी ती पाठ करून घ्या. ‘गुस्ताव’ला हसू फुटतं, फुटू द्या.

४. ‘शोडाउन’ आणावं का, असं काही जण विचारतात. कॅनडात १९६०च्या दशकात जन्मलेला हा खेळ मलाही आवडतो. साधारण बारा फूट लांब, चार फूट रुंद, कडेला भिंती असलेलं टेबल. आत छर्रे घातलेला चेंडू बॅटनं मारायचा, मधल्या फळीखालून पलीकडच्या गोलात घालायचा. सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी असते, त्यामुळे डोळसाला काडीचा फायदा नाही. पण चेंडूचा आवाज ऐकू यायला हवा. आमच्या पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं छर्ऱ्यांचं काय! शिवाय ते टेबल एसटीच्या टपावर चढवणार कोण? पट पिशवीत मावतो.

५. शिकवावं लागतं ते डोळस मुलांना. ती चाल करतात आणि गप्प बसतात. किंवा बोट दाखवून “इथं” म्हणतात.

६. “यानं पुढं काय होते जी?” असं वडील विचारतात. नोकरीचं आश्वासन मी देत नाही. चारुदत्त जाधव यांचं नाव सांगतो. स्वतः दृष्टिहीन खेळाडू असलेल्या जाधवांनी देशभरातल्या अंध बुद्धिबळपटूंची संघटना उभी केली. ऑक्टोबर २०२३मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत पूर्ण दृष्टिहीन पुरुषांच्या वैयक्तिक गटातली तिन्ही पदकं भारतानं घेतली. सुवर्ण बडोद्याच्या दर्पण इनानीचं. वडील मान डोलावतात आणि विचारतात, “आमचं पोरगं किती दिवसांत?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, पण तो विचारला जातो याचं मला बरं वाटतं. वरोऱ्याला आनंदवनात अंध मुलांची शाळा आहे, हे ज्यांना ठाऊक नसतं त्यांना तेही सांगतो. आधी शाळा, मग पदक.

७. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथला एक जण सुटीत घरी गेला की आमचा सराव फोनवर चालतो. नाहीतरी पट दोन असतात आणि चाल तोंडीच असते. मधे दोन हातांचं अंतर आहे की दोनशे किलोमीटरचं, खेळाला फरक पडत नाही. फरक पडतो तो टॉवरचा. परवा मी चाल सांगत असतानाच लाइन तुटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेंज आल्याबरोबर त्याचा फोन. रामराम नाही, काही नाही.

“सर, कालपासून तुमचंच घड्याळ चालू आहे जी. वेळ संपला. डाव माझा.”