पाठीवरचा आकडा

मुंबईतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ती बार्बी मला मिळाली. डबा नव्हता, चपला नव्हत्या, केसांचा गुंता झालेला. दुकानदाराने तिला पालथी केली आणि पाठीवर कोरलेल्या 1966 या आकड्यावर नख टेकवलं. ‘‘बघा ताई, साठीला आली!’’ शेजारीच ‘इंडिया’ असंही कोरलेलं होतं. ते वाचून मी सावध व्हायला हवं होतं, पण मी उलट हरखले. आपल्या देशातली आणि इतकी जुनी! साडेआठ हजार रुपये मोजून घरी आणली.

1966 हे त्या बाहुलीचं नव्हे, साच्याच्या हक्काचं साल, हे मला कळलं ते नंतर. कंबर वळणारी बार्बी 1967 मध्ये बाजारात आली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं कंपनी तोच आकडा कोरत राहिली. मलेशिया, चीन, इंडोनेशियात बनलेल्या बाहुल्यांवरही तो आहे. भारतात बार्बी बनू लागली ती तर खूपच उशिरा. थोडक्यात, मी शाळेत असताना दुकानात मिळायची तीच बाहुली मी पुराणवस्तू म्हणून घेतली होती. म्हणून साल वाचण्याआधी देशाचं नाव वाचा. 1959 मध्ये विक्रीला आलेल्या पहिल्या बाहुल्या जपानमध्ये बनल्या होत्या.

डबा असता तर मी फसले नसते. साठच्या दशकातल्या डब्यांवर बार्बीची रेखाचित्रं असत, वेगवेगळ्या पोशाखांतली, अगदी फॅशनच्या मासिकात शोभावीत अशी. आत एक चिमुकली पुस्तिका असे. तिच्यात प्रत्येक पोशाखाचं चित्र, नाव आणि सोबतच्या वस्तू. ‘हिच्या मूळच्याच’ म्हणून विकायला ठेवलेल्या पर्स आणि चपला खरंच त्या पोशाखाच्या आहेत का, हे या पुस्तिकेशी ताडून बघता येतं. डब्याच्या टोकाला मालाचा क्रमांक (पहिल्या बाहुल्यांचा 850) आणि केसांचा रंग छापलेला असे. छापलाय काळसर आणि आत बसलीय सोनेरी, तर डबा आणि बाहुली यांची गाठ नंतर कुणीतरी मारलेली आहे. आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पोहण्याच्या पोशाखातली पहिली बार्बी डब्यासकट स्वस्तात दिसली तर हात आवरा. 1994 मध्ये कंपनीनेच पस्तिशीनिमित्त तिची प्रतिकृती काढली होती.

दुसरी चूक मात्र कुणी माझ्याकडून करवून घेतली नाही, ती सर्वस्वी माझी. न्यू जर्सीच्या वहिनीने तिथल्या एका घरगुती विक्रीतून आखूड फुगीर केसांची, लाल पोशाखातली बार्बी पाठवली. डबा, पुस्तिका, शिवाय बोटाच्या पेराएवढा टेलिफोन. मी सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं, कसर लागू नये म्हणून चार डांबरगोळ्या टाकल्या आणि कपाटात ठेवून दिलं. आईच्या पैठण्या तशाच टिकल्या होत्या ना! पण डांबरगोळीच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं. पावसाळा संपल्यावर पिशवी उघडली तर टेलिफोनची चकाकी गेलेली, त्याला कागद चिकटलेला, आणि डब्याच्या झाकणावर तांबूस ठिपके. झाकणाचा उसवलेला कोपरा मी आधीच चिकटपट्टीने जोडला होता. तिथेही पिवळा डाग.

आता डबा आम्लरहित कागदात गुंडाळून, हवा खेळेल अशा खोक्यात ठेवते. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, उन्हाची तिरीपही नको. गडद रंगाचे कपडे बाहुलीच्या अंगावर वर्षानुवर्षं ठेवू नका, रंग पायांत उतरतो. कपडे काढलेत तर ते कुठल्या बाहुलीचे, हे पेन्सिलने चिठ्ठीवर लिहून ठेवा.

आणि कान बघा. जुन्या बाहुल्यांच्या कानातल्यांच्या धातूमुळे भोवतीचं प्लॅस्टिक हिरवं पडतं. त्यावर मुरुमांचं मलम लावून उन्हात ठेवणारे लोक आहेत. हिरवा जातो, कधीकधी गालाचा रंगही जातो. मी त्या वाटेला गेले नाही, नुसती कानातली काढून ठेवली. काढताना एक मोती उडाला. सोफा दोनदा सरकवून झाला, अजून मिळालेला नाही.