शिवार, लोणार आणि अजब बंगला

या हिवाळ्यात आमच्या चौथीच्या वर्गाने तीन ठिकाणे पाहिली. त्यात मला काय समजलं ते लिहिते.

१) आमचे शिवार : सकाळी लई थंडी होती. गुरुजींनी आम्हाला पायी शिवारात नेले. तूर शेंगांनी वाकली होती. हरभऱ्याला फुलं होती. आम्ही बोरं खाल्ली. धुऱ्यावर एक काळा दगड होता. त्याला बारीक भोकं होती. गुरुजी म्हणाले, हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस बाहेर आला आणि थंड होऊन त्याचा दगड झाला. रसातल्या वायूच्या बुडबुड्यांची ही भोकं. आपल्या वावरातली काळी माती पण याच दगडाची झाली.

२) लोणार : याच काळ्या दगडावर फार पूर्वी आकाशातून उल्का आदळली आणि मोठा खड्डा पडला. तो सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावरून पाहिलं तर खालची माणसं मुंगीएवढी दिसतात. सरोवराचे पाणी खारट आहे, पण वरच्या धारेचे पाणी गोड आहे. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले होते. खाऱ्या पाण्यातले सूक्ष्म जीव वाढल्यामुळे तसे झाले. हे अभयारण्य आहे, म्हणून इथला दगड घरी आणायचा नाही. आम्ही वहीत चित्रं काढली.

३) अजब बंगला : नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोक अजब बंगला म्हणतात. ते १८६३ साली सुरू झाले. तिथे पेंढा भरलेले प्राणी, पक्षी, जुन्या मूर्ती, शिलालेख आणि शस्त्रे आहेत. मी गुरुजींना विचारलं, "वस्तूजवळ चिठ्ठी कशाला लावतात?" गुरुजी म्हणाले, "वस्तू कुठे सापडली हे माहीत असलं तरच ती बोलते. नाहीतर मुकी."

तेव्हा मला आजोबांची गोष्ट आठवली. त्यांना नांगरताना तांब्याचं जुनं नाणं सापडलं होतं. ते त्यांनी मोडीत दिलं. कोणत्या राजाचं होतं, आता कोणालाच सांगता येत नाही. आजोबा अजून म्हणतात, "ठेवायला पाहिजे होतं पोरी."

आता आम्ही वर्गात एक फळी केली आहे. आमच्या शिवारातला दगड, पीस, बी, काहीही ठेवलं की चिठ्ठी लिहायची : काय आहे, कुठे सापडलं, कधी, कोणाला.

पालकांना विनंती. वावरात जुनं नाणं किंवा मूर्ती निघाली तर विकू नका. जमिनीत पुरलेला जुना ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा १८७८ सालापासून कायदा आहे. आणि जागा नक्की लिहून ठेवा. लिहायला आम्ही येऊ.

— इयत्ता ४ थी